आजीला भूक लागलीय

तार्मो आमच्या ह्युए शहरात आला तो पाण्याखालच्या गवताचा अभ्यास करायला. शहराबाहेर, समुद्राला लागून, लांबच लांब खाजण आहे. त्याच्या तळाशी गवत उगवतं आणि ते वर्षागणिक कमी होत चाललंय. का, ते त्याला शोधायचं होतं. एवढ्यासाठी एस्टोनियाहून माणूस पाठवावा लागतो हे माझ्या थोरल्या काकांना कधीच पटलं नाही. "त्यांच्याकडे गवत नाही का?" ते मला विचारायचे.

मी विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थ्यांच्या कचेरीत काम करते. पोरांना खोली शोधून द्यायची, सायकल मिळवून द्यायची, डास चावले की मलम आणून द्यायचं आणि अधूनमधून 'सांस्कृतिक सहली'ला न्यायचं, ही माझी कामं. राजांच्या समाध्या, हुओंग नदीवरची होडी, शंकूच्या टोप्या शिवणाऱ्या बायकांचं गाव, आणि सगळ्यात शेवटी कोणाच्या तरी घरचं जेवण. सहलीत इंग्रजी बोलायचं नाही असा नियम मीच घातला होता. पुढे जे झालं त्याला बराचसा हा नियम कारणीभूत.

तार्मो किती उंच होता ते सांगते. तो आत आला की आम्ही कचेरीतला छताचा पंखा बंद करायचो. दाढी कणसाच्या केसांसारखी, खांदे कपाटासारखे, आणि बोलणं जवळजवळ नाहीच. भाषेच्या वर्गात तो शेवटच्या बाकावर गप्प बसायचा. जे काही शिकला ते घरी शिकला, आणि घरी म्हणजे दाओ आजीकडे.

दाओ आजी बाजारामागे एकटी राहायची. वरची खोली रिकामी होती, ती मी तार्मोला मिळवून दिली. आता आमच्या भाषेत 'मी' म्हणायला एकच एक शब्द नाही. समोर कोण आहे ते बघून बोलायचं. भाच्याशी बोलताना माणूस स्वतःला मामा म्हणणार, मोठ्यांशी बोलताना पोर म्हणणार. दाओ आजी सगळ्या गल्लीत मोठी, त्यामुळे ती दिवसभर स्वतःला आजी म्हणायची आणि उरलेल्या जगाला बाळ. "आजीला भूक लागलीय." "आजी बाजारातून येते हं, बाळा." "आजीचे गुडघे धरलेत." तार्मो हे सकाळ-संध्याकाळ ऐकत होता. त्याच्या कानाने हिशेब केला की 'आजी' म्हणजे मी आणि 'बाळ' म्हणजे तू. आणि तो बोलू लागला.

पहिल्यांदा मी ते ऐकलं बून बोच्या, म्हणजे मांसाच्या रश्शातल्या शेवयांच्या, गाडीवर. रश्शाच्या पातेल्यामागे बसलेल्या बाईला तो गंभीरपणे म्हणाला, "बाळा, आजीला एक वाटी दे. मिरची जास्त."

बाईने पळी खाली ठेवली. त्याला पायापासून दाढीपर्यंत बघितलं. मग म्हणाली, "बसा आजी, बसा. मिरची सोसेल ना? या वयात पोटाला जपावं." आणि वाटीत मांसाचे दोन तुकडे जास्तीचे टाकले.

मी त्याला लगेच समजावलं. कचेरीत नेऊन, चक्क इंग्रजीत. तार्मोने शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे मी स्वतःला म्हातारी बाई म्हणतोय."

"हो."

"पण चालतं."

"चालतं म्हणजे? लोक हसतात!"

तो म्हणाला, "मी 'पोर' म्हणून बघितलं होतं. सूर चुकतो. बाजारातल्या बाईला वाटलं मी कोंबडा मागतोय. 'आजी' म्हटलं की सगळ्यांना कळतं, आणि खायला मिळतं."

आमच्या भाषेतले सूर चुकले की माणूस काय मागेल याचा नेम नसतो, हे खरंच आहे. 'आजी' हा एकच शब्द त्याच्या तोंडी पक्का बसला होता, तोही दाओ आजीच्या अस्सल जुन्या हेलात, जो आता बाजारामागच्या म्हाताऱ्यांखेरीज कोणी बोलत नाही.

तो बदलला नाही, शहरच हळूहळू त्याच्याशी जुळवून घेऊ लागलं. एका राजाच्या समाधीवर आम्ही सहल नेली तेव्हा पायऱ्या चढताना तो मध्येच बसला आणि म्हणाला, "आजी दमली." शेजारी उत्तरेकडून आलेल्या यात्रेकरू बायकांची बस उतरली होती. त्यांनी त्याला घेरलं. एकीने पिशवीतून वाघछाप मलम काढलं, दुसरीने पँट वर सरकवून गुडघे चोळायला घेतले. "सुनेला सांगत जा," तिसरी म्हणाली, "या पायांनी एकटीने फिरायचं नाही." बाकीचे विद्यार्थी समाधीचे फोटो काढायचे सोडून हेच फोटो काढत राहिले. आमच्या विभागप्रमुखांकडे तो एकदा कागद घेऊन गेला आणि म्हणाला, "बाळा, आजीला इथे सही पाहिजे." विभागप्रमुख साठीला टेकलेले. त्यांनी मुकाट्याने सही केली आणि नंतर मला आत बोलावून हळूच विचारलं, "दिएम, तो माझ्यावर रागावलाय का?"

असे दिवस चालले होते. मग घरच्या जेवणाची सहल आली. दर वेळी जे कुटुंब विद्यार्थ्यांना जेवायला बोलवायचं त्यांच्याकडे बाळंतपण निघालं, आणि मला ऐनवेळी दुसरं घर मिळेना. बाकीच्या पोरांना मी एका खाणावळीत बसवलं. तार्मो एकटाच उरला, कारण त्या दिवशी तो खाजणातून उशिरा येणार होता. दुसऱ्या दिवशी माझ्या आजीची, म्हणजे वडिलांच्या आईची, पुण्यतिथी होती. म्हटलं, यालाच नेऊ या. जेवण होईल, रीतभात बघेल.

आमच्या घरच्या पुण्यतिथीची भानगड अशी होती की ती दोन ठिकाणी व्हायची. आजी वारली तेव्हा लाक काकांनी, ते घरातले थोरले, देव्हाऱ्यावर ठेवायला फोटो तयार करवून घेतला. आजीचा एकही फोटो त्यांना पसंत नव्हता. तेव्हा फोटोवाल्याने तिचा चेहरा घेऊन दुसऱ्याच कुठल्या बाईच्या निळ्या रेशमी आओ दाईवर, म्हणजे सणासुदीच्या लांब झग्यावर, बसवला, सुरकुत्या पुसल्या, आणि आजीच्या तोंडात एकही दात नव्हता तिथे पांढरेशुभ्र दात लावले. थोआ आत्याने तो फोटो पाहिला आणि म्हणाली, "ही कोण बँकेतली साहेबीण आणलीस? आईला स्वतःचं तोंड ओळखायला येणार नाही. ती या घरी जेवायला यायचीच नाही." काका म्हणाले, "मग तू तुझ्याकडे बोलव." आत्याने तसंच केलं. नदीपलीकडे तिच्या घरी तिने आजीचा दुसरा फोटो लावला. कुठल्याशा लग्नातला, तोंडात विडा, बोळकं उघडून हसणारा. तेव्हापासून तीन वर्षं भाऊ-बहीण एकमेकांशी बोलत नव्हते. आम्ही बाकीचे सकाळी काकांकडे जेवायचो, मग पूल ओलांडून आत्याकडे पुन्हा जेवायचो, आणि दोन्हीकडे सांगायचो की तिकडे फक्त चहा घेतला.

दाओ आजीने तार्मोला बजावून सांगितलं होतं, "पुण्यतिथीला जाताना पोट रिकामं ठेवायचं. थोडं खाल्लंस तर घरच्यांना वाईट वाटतं." त्याने ते इतकं मनावर घेतलं की आदल्या संध्याकाळपासून पाण्याखेरीज काही घेतलं नव्हतं.

आम्ही पोचलो तेव्हा काकांच्या घरी सगळे जमले होते. देव्हाऱ्यासमोर ताटं मांडलेली. उकडलेली कोंबडी, कच्च्या अंजिरांची कोशिंबीर, केळीच्या पानात वाफवलेल्या वड्या, आणि मधोमध काकूचा अननस घालून शिजवलेला मासा. वास असा सुटला होता की माझीच आतडी वळवळायला लागली. तार्मोकडे तर बघवत नव्हतं. पण आधी जेवायचं ते गेलेल्या माणसाने. उदबत्त्या जळून संपेपर्यंत जिवंतांनी ताटाला हात लावायचा नाही.

काका काळा झगा घालून, हातात उदबत्त्या धरून फोटोसमोर उभे राहिले. गणिताचे मास्तर होते ते. त्यांचं सगळं रेघेत असायचं. "आई," त्यांनी सुरुवात केली, "आज तुझा दिवस. मुलं, सुना, नातवंडं सगळी आलीत. थोआ आलेली नाही, तिचं तू बघून घे. आता ये. बस. गोड मानून घे."

सगळे गप्प उभे. आणि तेवढ्यात तार्मो माझ्या कानाशी वाकला. त्याच्या मते तो कुजबुजत होता. पण त्या छातीतून निघालेली कुजबुज घरभर घुमली आणि अंगणातल्या कोंबड्यांनीसुद्धा माना वर केल्या.

"आजीला भूक लागलीय. किती वेळ लावता रे, बाळांनो?"

काकांनी वळून पाहिलं नाही. ते फोटोकडेच बघत राहिले.

"झालंच आई," ते म्हणाले. "उदबत्ती संपू दे."

मग आपण कोणाला उत्तर दिलं ते त्यांच्या लक्षात आलं असावं. ते हळूहळू वळले. सगळेच वळले. तार्मोला वाटलं आपण फार मोठ्याने बोललो, म्हणून तो ओशाळून हसला. भिंतीला टेकून मावसआजी बसली होती, माझ्या आजीची धाकटी बहीण. तिला एकाच कानाने ऐकू येतं, आणि नेमका तोच कान या बाजूला होता.

"आली," ती म्हणाली. "ताई आली."

"मावसआजी," मी घाईने म्हणाले, "हा तार्मो. एस्टोनियाचा. गवताचा अभ्यास करतो. याला भाषा नीट येत नाही."

"हो गं, दिसतंय मला," मावसआजी म्हणाली. "तू मध्ये मध्ये बोलू नकोस."

तिने त्याला देव्हाऱ्यापाशी, चटईच्या मानाच्या टोकाला बसवलं. उदबत्त्या पुऱ्या संपायच्या आतच काकांनी स्वतः त्याच्या वाटीत भात वाढला. मला वाटलं, पाहुणा म्हणून वाढत असतील. पण ते दोन्ही हातांनी वाटी धरून देत होते, जशी आजीला द्यायचे.

तार्मो जेवायला लागला. असं जेवण आमच्या घरात कोणी पाहिलं नव्हतं. सगळे आपापल्या वाट्या हातात धरून बघत होते.

"ताई," मावसआजीने विचारलं, "तिकडे कसं आहे गं?"

हा प्रश्न तार्मोला रोज कोणी ना कोणी विचारायचं. त्याचं उत्तर पाठ होतं. "थंडी," तो म्हणाला. "खूप थंडी. बर्फ. हिवाळ्यात ऊन नाही. अंधार."

मावसआजीने तोंडाला पदर लावावा तशी बाही लावली. "अगं बाई! आणि आम्ही दर वर्षी हिला कागदाचे उन्हाळी कपडे जाळून पाठवतो!"

"तो त्याच्या देशाबद्दल सांगतोय," मी म्हणाले.

"माहितीये गं," काकू म्हणाली. "पण ऐकू दे ना."

"एकटी असतेस का तिकडे?"

"नाही. एका खोलीत चौघं." तो त्याच्या वसतिगृहाबद्दल सांगत होता. "एक घोरतो."

"ते तुझे आजोबा," मावसआजी मला म्हणाली. तिच्या मनातली मोठीच काळजी मिटली.

काकूने माझ्या चुलतभावाला बाजारात पिटाळलं. पूजेच्या कागदी वस्तूंच्या दुकानात कागदी लोकरीचा कोट आहे का बघून ये म्हणाली. त्याने तिथून फोन केला. कागदी मोटारसायकल आहे, कागदी फ्रिज आहे, कागदी सूट-बूट आहे, पण स्वेटर कोणी मागतच नाही म्हणून बनवत नाहीत. "मग दोन सूट घे," काकू म्हणाली, "एकावर एक घालेल."

मग तार्मोने मासा खाल्ला. त्याने चावायचं थांबवलं, पाणी प्यायलं, आणि जेवायच्या काड्या वाटीवर आडव्या ठेवून दाओ आजीचं वाक्य जसंच्या तसं म्हटलं. "आजीला हे नको. खारट."

काकू लग्न होऊन या घरात आली त्या दिवसापासून आजी मरेपर्यंत तिच्या प्रत्येक माशाला हेच ऐकून घेत आली होती. ती ताडकन उठली. "तेच! अगदी तेच शब्द! मेल्यावरसुद्धा सोडलं नाही!" ती स्वयंपाकघरात गेली. आम्हाला वाटलं आता भांडी आपटणार. पण बराच वेळ आवाजच आला नाही. बाहेर आली तेव्हा डोळे पुसत होती. "तीन वर्षं झाली," ती म्हणाली, "माझा मासा कसा झालाय ते कोणी सांगितलंच नव्हतं."

काका हे सगळं बघत होते. शेवटी त्यांनी घसा साफ केला.

"मी मास्तर माणूस. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही," ते म्हणाले. "पण विचारायला काय जातं?" त्यांनी देव्हाऱ्यावरच्या फोटोकडे हात केला. "हा फोटो बरा आहे ना?"

तार्मोने मान वर करून फोटो नीट बघितला. त्याला खोटं बोलता येत नाही. निदान आमच्या भाषेत तरी येत नव्हतं.

"ही बाई कोण?" तो म्हणाला. "दात छान आहेत."

काकांनी चष्मा काढला आणि झग्याच्या टोकाने पुसत बसले.

आमच्याकडे बातमी पूल ओलांडायला वेळ लागत नाही. कोणीतरी आत्याला फोन केलाच होता. चहा व्हायच्या आत अंगणात स्कूटर येऊन थांबली आणि थोआ आत्या डोक्यावरचं हेल्मेट न काढता तशीच आत आली. तीन वर्षांत या उंबऱ्यावर तिचं पाऊल पडलं नव्हतं.

"आई कुठंय?"

सगळ्यांनी तार्मोकडे बोट दाखवलं. तो आदराने उठून उभा राहिला. आत्या बघत राहिली. बघता बघता तिची मान मागे मागे गेली.

"एवढी?" ती म्हणाली.

"मी काहीच म्हणत नाही," काका म्हणाले. ते हवेत बघून बोलत होते, पण बोलत होते. "मी फक्त झालं ते सांगतो. आई ये म्हटलं, तर आवाज आला. जेवली. मासा खारट म्हणाली. फोटो ओळखला नाही."

"ओळखला नाही!" आत्या भावाकडे वळली. "सांगत नव्हते मी? तीन वर्षं बोंबलतेय!"

"आधी ते हेल्मेट काढ. आईसमोर उभी आहेस."

आत्याने हेल्मेट काढलं, केस नीट केले, आणि तार्मोचा हात धरला. "चल आई. माझ्याकडे सगळं वाढून ठेवलंय. इथे कशाला थांबतेस, बँकेतल्या बाईपाशी?"

तार्मोने माझ्याकडे बघितलं. मी जा म्हणून मान हलवली. मला तेव्हा दुसरं काही सुचलंच नाही. तो आत्याच्या स्कूटरवर मागे बसला, गुडघे दोन्ही बाजूंना पंखांसारखे बाहेर. काकांनी सायकल काढली.

"तुम्ही कुठे निघालात?" काकूने विचारलं.

"आईला एकटीला कसं पाठवायचं?" काका म्हणाले.

अशी आमची वरात निघाली. पुढे स्कूटर, मागे काळ्या झग्यात सायकलवर काका, मग सायकलरिक्षात मावसआजी, आणि बाकीचे आम्ही. मावसआजी रिक्षावाल्याला सारखी सांगत होती, "त्या पिवळ्या दाढीच्या मागे घे. ती माझी बहीण." रिक्षावाला म्हणाला, "भेटलीत ना, मग झालं."

आत्याच्या घरी पाय ठेवल्याबरोबर तार्मोची नजर देव्हाऱ्यावरच्या फोटोवर गेली. विड्याने रंगलेलं ते मोठंच्या मोठं उघडं बोळकं. त्याला हसूच आलं. आम्ही कोणीच त्याला असं हसताना पाहिलं नव्हतं, खांदे हलवून, डोळे मिटून. आत्याने विजयी नजरेने भावाकडे पाहिलं. काका छताकडे बघत होते.

पण आत्याचं ताट पुढे आलं आणि तार्मोचा चेहरा पडला. आंबवलेली कोळंबी, तांदळाच्या इवल्याइवल्या इडल्यांसारख्या वड्या, कालवांचा भात. काकांकडे तो गळ्यापर्यंत जेवला होता.

"आजीचं पोट भरलंय," तो म्हणाला.

आत्याच्या हातातली वाटी तशीच राहिली. "दादाकडचा खारट मासा खाल्लास. आणि माझ्याकडे पोट भरलं?"

काकांनी तोंडावर हात धरला. खोकल्यासारखं केलं.

आत्या दुखावली एवढं तार्मोला कळलं. त्याने एक वडी तोंडात टाकली, मग दुसरी. तिसरी त्याने हातात धरली आणि तिच्याकडे बघत राहिला. कपाळावर घाम आला. आणि मग, बिचाऱ्याला येत होतं त्यातलं, कुठूनही सुटका करणारं दाओ आजीचं दुपारचं वाक्य त्याने म्हटलं. "आजीला झोप आलीय." आणि तो आत्याच्या रुंद लाकडी पलंगावर आडवा झाला. पावलं बाहेर लोंबत होती. आदला अख्खा दिवस खाजणात उभा राहिलेला माणूस, वर दुपारचं ऊन आणि दोन घरांचं जेवण. लगेच घोरायला लागला.

"कोणी उठवायचं नाही," मावसआजी म्हणाली. "लांबून आलीय." तिने ताडाच्या पानाचा पंखा घेतला आणि त्याच्या उशाशी बसून वारा घालू लागली.

आता काय करायचं कोणालाच कळेना. आई झोपलेली असताना उठून जाणं बरं दिसेना. आम्ही सगळे खाली चटईवर बसलो. काका आणि आत्या पलंगाच्या पायथ्याशी, त्या लोंबणाऱ्या पावलांच्या दोन बाजूंना.

"विजेचा पंखा लाव," काका कुजबुजले.

"खडखडतो."

"नवा का घेत नाहीस?"

"तुला काय करायचंय?"

आत्याचा आवाज जरा चढला तशी मावसआजीने हातातला पंखा उगारला. आत्या गप्प झाली. कुजबुजत भांडता येत नाही हे मला त्या दिवशी समजलं. भांडणाला आवाज लागतो. तो नसला की नुसतंच बोलणं उरतं.

बऱ्याच वेळाने काका म्हणाले, "शाळेत माझा निरोपसमारंभ झाला. आठवतं?"

"तू मला बोलावलं नव्हतंस."

"आई आली होती. फोटो काढायची वेळ आली तर ओठ घट्ट मिटून बसली. हस म्हटलं तर म्हणाली, दात नाहीत रे, तुझ्या शाळेसमोर तुझी शोभा होईल." काका आपल्या हातांकडे बघत होते. "म्हणून मी फोटोवाल्याला सांगितलं, दात लाव. मला वाटलं, आता तरी तिला लाजायला नको."

आत्याने पलंगावरच्या माणसाकडे पाहिलं. मग देव्हाऱ्यावरच्या बोळक्याकडे.

"माझ्याकडे तर तोंड मिटायचीच नाही," ती म्हणाली. "विड्याची थुंकी उडायची माझ्या अंगावर."

"हो का?"

"तुझी भीती वाटायची तिला, दादा."

"मला तिची वाटायची," काका म्हणाले.

काकूने खिशातून पानाची डबी काढली आणि आत्यापुढे सरकवली. आत्याने एक विडा घेतला आणि डबी भावाकडे दिली.

ऊन कलल्यावर तार्मोला जाग आली. डोळे उघडले तर समोर अख्खं कुटुंब श्वास रोखून त्याच्याकडे बघतंय. तो दचकून उठून बसला. मी त्याला ओसरीवर नेलं, माझा नियम मोडला आणि सकाळपासून काय झालं ते इंग्रजीत सगळं सांगितलं.

त्याने दोन्ही हातांनी डोकं धरलं.

"मी त्यांची आई झालो," तो म्हणाला.

"थोडीशी."

"आणि मासा खारट म्हणालो."

तो आत गेला. काकांसमोर आणि आत्यासमोर गुडघे टेकून बसला, तरी त्यांच्याएवढाच उंच दिसत होता. आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा त्याचा 'पोर' या शब्दाचा सूर बरोबर लागला.

"पोर चुकलं," तो म्हणाला. "पोराचं नाव तार्मो. पोराला माफ करा."

काकांनी चष्मा चढवला. "मला माहीत होतं. गणिताचा मास्तर आहे मी. माझी आई या खांबाच्या निम्मीसुद्धा नव्हती."

"मलासुद्धा माहीत होतं," आत्या म्हणाली. "हेल्मेट काढलं तेव्हाच."

"काय म्हणतोय?" मावसआजीने विचारलं. आता तिचा चांगला कान दुसऱ्या बाजूला होता. "ताई निघाली का?"

काका आणि आत्याने एकमेकांकडे पाहिलं.

"निघाली, मावशी," काका तिच्या कानाशी वाकून म्हणाले.

"तिला ते सूट द्या. थंडी आहे म्हणाली."

कागदी सूट आत्याच्याच अंगणात जाळले. तार्मोने राख काडीने सारखी केली.

त्यानंतर काकांनी त्याचं व्याकरण हातात घेतलं. दर रविवारी त्याला कॉफीच्या टपरीवर बसवून कोणाला काय म्हणायचं ते पाट्या लिहून शिकवलं. त्याचा परिणाम असा झाला की आधीच कमी बोलणारा तार्मो आता जवळजवळ मुका झाला. कोणाशीही बोलण्याआधी आपण मोठे की समोरचा मोठा हे ठरवायला हवं. बून बोच्या गाडीवर त्याने बाईला जन्मसाल विचारलं. तिने मांसाचा एक तुकडा कमी घातला.

दाओ आजीला मी सगळी हकीकत सांगितली तेव्हा ती हसता हसता खोकायला लागली. मग तिने पाणी घेतलं. "आता तो मला नीट हाक मारतो," ती म्हणाली. "चांगलंच आहे. पण घरात आधी दोन आज्या होत्या गं. एक म्हणायची गुडघे दुखतात, दुसरी म्हणायची भूक लागलीय. मला ते आवडायचं."

पावसाळा लागायच्या आत तार्मो गवताचे नमुने घेऊन परत गेला. पुढच्या वर्षी पुण्यतिथी एकच झाली, काकांकडे. कुठला फोटो लावायचा यावर महिनाभर वाटाघाटी चालल्या. शेवटी भाऊ-बहीण दोघं मिळून फोटोवाल्याकडे गेले आणि तिसराच फोटो करवून आणला. खाली तेच निळं रेशीम आणि मांडीवर घडी घातलेले कोणा परक्या बाईचे गोरे हात, आणि वर आमच्या आजीचं विडा भरलेलं, उघडं बोळकं. दरबारात बसून ती एखादी चावट गोष्ट सांगणार आहे असं वाटतं. तो कोणालाच आवडला नाही, म्हणून कोणी कोणाला बोलू शकलं नाही, आणि तोच लागला.

उदबत्त्या संपल्या. आम्ही जेवायला बसलो. काका आणि आत्या शेजारीशेजारी बसले आणि पुलावर नगरपालिकेने लावलेले नवे दिवे जांभळे की गुलाबी यावरून त्यांची जी जुंपली, ती शेजारी येऊन डोकावून गेले तरी थांबली नाही.